परीकथांचे नवे अवतार आणि सांगणाऱ्यांचा वाटा

बालपणी ऐकलेल्या गोष्टींचा ठसा मनावर इतका खोल उमटतो की, पुढील आयुष्यात शिकलेली प्रमेये, सनावळ्या व व्याकरणाचे नियम विस्मृतीत गेले, तरी राक्षसाचा प्राण सात समुद्रांपलीकडील पोपटात होता ही गोष्ट मनुष्य सहसा विसरत नाही. अशा गोष्टींना सांप्रत आपण परीकथा म्हणतो. ‘परी’ हा शब्द फारशीतून आपल्याकडे आला. आपल्या घरातील जुना शब्द मात्र ‘कहाणी’. आटपाट नगरातील राजा, नावडती राणी, बोलणारा पक्षी, दळता दळता गाणारी म्हातारी, ही मंडळी परी नसतानाही परीकथेचे सर्व कार्य करीत आली आहेत.

आमच्या वर्गांतील कित्येक विद्यार्थी हल्ली स्वतः गोष्टी लिहितात. कोणी एकटा लिहितो, कोणी दोघे मिळून लिहितात. कोणी आजीची गोष्ट घेऊन तिला नवा शेवट जोडतो, तर कोणी पडद्यावर पाहिलेली कथा पेणेच्या बाजारात आणून बसवितो. हा उद्योग स्तुत्य आहे. परंतु त्यातून काही प्रश्न निघतात. जुन्या कथेतून नवी कथा नेमकी कशी घडते? दोघांनी मिळून लिहिलेली कथा कोणाची? आणि मुळात ज्या तोंडून ती ऐकली, त्या माणसाचा तिच्यावर काही हक्क आहे की नाही? या प्रश्नांचा थोडा विचार विद्यार्थी व पालक या उभयतांसाठी येथे करावयाचा आहे.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की, कथा ही जन्मतःच प्रवासी आहे. आपल्या पंचतंत्राचे सहाव्या शतकात इराणच्या पहलवी भाषेत भाषांतर झाले. आठव्या शतकात त्यावरून इब्न अल्‌-मुकफ्फा याने अरबी ग्रंथ केला, आणि पुढे त्याच वाटेने करटक-दमनक हे कोल्हे युरोपात पोहोचले. उलट दिशेनेही कथा येत राहिल्या. इसापाच्या गोष्टी तंजावरच्या सरफोजीराजांच्या दरबारी मराठीत उतरल्या व ‘बालबोध मुक्तावली’ या नावाने १८०६ साली छापल्या गेल्या. हरवलेल्या पादत्राणावरून वधूचा शोध लागण्याची कथा चीन देशात नवव्या शतकात लिहून ठेवलेली सापडते. फ्रान्समध्ये शार्ल पेरो याने तीच १६९७ साली काचेच्या बुटासह सांगितली. आणि दख्खनमध्ये ती सोदेवाबाईच्या नावाने सांगितली जात असे. सोदेवाबाईची चिमुकली पादुका डोंगरावरून खाली पडते व एका राजपुत्रास सापडते. यांपैकी कोणी कोणापासून कथा घेतली याचा निवाडा करणे कठीण. कथेने वेष मात्र प्रत्येक देशी त्या देशाचाच धारण केला.

सोदेवाबाईची ही कथा आपल्यापर्यंत कशी पोहोचली, हा इतिहास विद्यार्थ्यांनी अवश्य समजून घ्यावा. कारण सहकार्याचे इतके बोलके उदाहरण आपल्या प्रांतात दुसरे क्वचितच आढळेल. १८६२ ते १८६७ पर्यंत सर बार्टल फ्रीअर हे मुंबईचे गव्हर्नर होते. १८६५-६६ च्या हिवाळ्यात ते पुण्याहून निघून दक्षिण महाराष्ट्राच्या दौऱ्यावर गेले. बरोबर त्यांची कन्या मेरी होती. तिचे वय तेव्हा वीस वर्षांचे. प्रवास लांबचा, मुक्काम तंबूत, आणि बोलावयास समवयस्क कोणी नाही. तिची आया अ‍ॅना लिबराटा डिसोझा ही मूळच्या लिंगायत, पण पुढे गोव्याकडे ख्रिस्ती झालेल्या घराण्यातील स्त्री होती. मेरीने तिला गोष्ट सांगण्याची विनंती केली, आणि अ‍ॅनाने लहानपणी आपल्या आजीकडून ऐकलेल्या गोष्टी एकामागून एक सांगितल्या.

मेरीची पद्धत पाहण्याजोगी आहे. ती प्रथम टिपणे घेई, मग गोष्ट सविस्तर लिहून काढी, आणि नंतर ती अ‍ॅनाला वाचून दाखवून तपशील बरोबर उतरला आहे की नाही याची खात्री करून घेई. अशा २४ गोष्टींचा संग्रह ‘ओल्ड डेक्कन डेज’ या नावाने लंडनमध्ये १८६८ साली प्रसिद्ध झाला. बहीण कॅथरिन हिने चित्रे काढली. वडिलांनी प्रस्तावना लिहिली. लोकांच्या तोंडून प्रत्यक्ष ऐकून इंग्रजीत छापलेल्या भारतीय कथांच्या संग्रहांत हा अगदी आरंभीचा होय. पुढे जोसेफ जेकब्स याने १८९२ च्या आपल्या भारतीय परीकथांच्या पुस्तकात यांतील काही गोष्टी घेतल्या, व त्या जगभरच्या बालकांच्या हाती गेल्या.

याच संग्रहात सूर्याबाईची कथा आहे. गवळणीच्या तान्ह्या मुलीस गरुड पळवून नेतात. ती मोठी झाल्यावर दारात रुतलेले राक्षसाचे नख तिच्या हाताला बोचते व ती मृतवत पडते. राजा ते नख काढतो आणि ती जागी होते. युरोपातील निद्रिस्त राजकन्येच्या बोटाला चाती टोचते, आमच्या सूर्याबाईला राक्षसाचे नख बोचते. दोन बहिणी दोन गावी दिल्या, म्हणून का त्यांचे चेहरे लपतात?

आता मुद्दा असा की, या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर नाव मेरी फ्रीअरचे आहे; अ‍ॅनाचे नाही. तथापि मेरीने एक गोष्ट केली, ती त्या काळाच्या मानाने मोठी होती. पुस्तकाच्या आरंभी तिने अ‍ॅनाचे आत्मवृत्त अ‍ॅनाच्याच बोलण्याच्या धाटणीत छापले. त्यामुळे ही आया कोण, तिची आजी कशी होती, गोष्टी तिच्याकडे कोठून आल्या, हे दीडशे वर्षांनंतरही आपणांस वाचता येते. गोष्टीचा मान अर्धा मिळाला. पण नाव बुडाले नाही.

जर्मनीतही असाच प्रकार घडला. याकोब व विल्हेल्म ग्रिम या बंधूंच्या कथासंग्रहाचा पहिला भाग १८१२ साली निघाला. जगाला आज ठाऊक आहेत ते ग्रिम. परंतु दुसऱ्या भागातील कित्येक उत्तम गोष्टी त्यांना कासेलजवळच्या एका शिंप्याच्या पत्नीने, डोरोथिया फीमान हिने, सांगितल्या होत्या. ग्रिमबंधूंनी तिची मुक्तकंठाने प्रशंसा केली, आणि १८१९ च्या आवृत्तीत त्यांच्या चित्रकार भावाने काढलेले तिचे चित्र छापले.

याउलट एक उदाहरण आपल्या स्वतःच्या अंगणातील आहे. ए. एम. टी. जॅक्सन या मुलकी अधिकाऱ्याने कोकणातील लोकसमजुती व दंतकथा जमविण्यास आरंभ केला होता. १९०९ साली नाशिक येथे अनंत कान्हेरे यांनी जॅक्सनचा वध केला. त्याने जमविलेली सामग्री पुढे आर. ई. एन्थोवेन याने संगतवार लावली व कोकणचा भाग १९१५ साली छापला. ही माहिती प्रत्यक्ष मिळविली कोणी? खेडोपाडीच्या शाळामास्तरांनी. त्या पुस्तकाच्या तळटीपा पाहाव्यात: ‘स्कूल मास्टर, वरसई, कुलाबा’, ‘स्कूल मास्टर, मेढे, कुलाबा’. वरसई हे पेण तालुक्यातील, मेढे हे रोहे तालुक्यातील. (आपला रायगड जिल्हा १९८१ पर्यंत कुलाबा या नावाने ओळखला जात असे.) कोणते दैवत कोणत्या वेशीवर, कोणत्या झाडाविषयी काय समजूत, हे सर्व या मास्तरांनी गावोगावच्या वृद्धांना विचारून कळविले. छापले गेले ते गावाचे नाव व हुद्दा. मास्तरांचे नाव नाही, आणि ज्या वृद्धाने किंवा वृद्धेने ते सांगितले, तिचा तर मागमूसही नाही. आम्ही स्वतः शाळामास्तर असल्यामुळे त्या तळटीपा वाचताना मन जरा थबकते, हे सांगितले पाहिजे. पेण-रोह्याच्या कथांच्या संग्रहात पेण-रोह्याचे एकही माणूस नावाने उभे नाही.

वरसईचा उल्लेख आला, तेव्हा त्याच गावच्या विष्णुभट गोडसे यांचे स्मरण होणे साहजिक आहे. १८५७ च्या धामधुमीत उत्तर हिंदुस्थानात केलेल्या प्रवासाची हकीकत त्यांनी चिंतामणराव वैद्य यांच्या आग्रहावरून लिहिली. ती परीकथा नव्हे, अनुभवकथा आहे. परंतु तिच्यातून आपल्या विषयास एक धडा मिळतो. वैद्यांनी ती ‘माझा प्रवास’ या नावाने १९०७ साली प्रसिद्ध केली, तेव्हा तीत आपल्या मताप्रमाणे फेरफार केले. सुदैवाने मूळ हस्तलिखित जपून ठेवलेले होते. त्यावरून दत्तो वामन पोतदार यांनी १९६६ साली मूळ पाठ प्रसिद्ध केला. तोपर्यंत सुमारे साठ वर्षे वाचक भटजींचे शब्द समजून वाचत होते, त्यांत संपादकाचाही हात मिसळलेला होता. वैद्यांच्या आग्रहावाचून पुस्तक लिहिलेच गेले नसते, हेही तितकेच खरे. यावरून नियम असा निघतो की, सांगणाऱ्याचे शब्द आणि लिहिणाऱ्याची सुधारणा ही दोन्ही असावीत, पण निरनिराळ्या वह्यांत असावीत.

मराठी ग्रंथांच्या इतिहासात सहकार्याची चांगली उदाहरणे पुष्कळ आहेत. ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी’ हे मोठे काम कृष्णशास्त्री चिपळूणकर यांनी १८६१ च्या सुमारास हाती घेतले. त्यास पुढे त्यांचे चिरंजीव विष्णुशास्त्री व हरि कृष्ण दामले यांचा हातभार लागला, आणि तिघांचीही नावे त्या ग्रंथाशी जोडलेली राहिली. आपल्या वारांच्या व व्रतांच्या कहाण्या सी. ए. किंकेड याने ‘डेक्कन नर्सरी टेल्स’ या नावाने १९१४ साली इंग्रजीत आणल्या. त्यांना चित्रे काढली महादेव विश्वनाथ धुरंधर यांनी. इंग्रज लेखकाच्या पानावर राणी, ब्राह्मण, सून व देव अवतरले ते मराठी चित्रकाराच्या कुंचल्यातून. भाषा एकाची व डोळा दुसऱ्याचा असला म्हणजे दोघांनाही न साधणारे काम साधते.

येथवर संग्रह करणाऱ्यांविषयी झाले. आता नवनिर्मितीकडे वळू. संग्राहक ऐकलेली कथा जपतो. नवा लेखक तिला जाणूनबुजून बदलतो. डेन्मार्कच्या हान्स अँडरसनने १८३५ साली आपल्या पहिल्या परीकथा छापल्या, तेव्हा त्यांतील काही त्याने लहानपणी ऐकलेल्या होत्या. दोन वर्षांनी त्याने लिहिलेली छोट्या जलपरीची कथा मात्र त्याच्या स्वतःच्या कल्पनेतून उतरली होती. प्रथम ऐकलेले सांगणे, मग त्याच घडणीचे नवे रचणे, हा क्रम नवशिक्या लेखकासही हितकारक आहे.

या कलेचा एक थोर उपासक आपल्याच जिल्ह्यात जन्मला. गिरीश कर्नाड यांचा जन्म १९३८ साली माथेरान येथे झाला. वेताळाने विक्रमास सांगितलेली एक कथा प्रसिद्ध आहे: दोन पुरुषांची मस्तके अदलाबदल होऊन भलत्या धडांवर बसतात, तर स्त्रीचा पती कोणता? अकराव्या शतकात सोमदेवाच्या कथासरित्सागरात ही कथा आली. जर्मन लेखक टोमास मान याने १९४० साली तिच्यावर कादंबरिका लिहिली आणि विचारले की, मस्तकाने देह जिंकला तरी मनुष्य पूर्ण होतो काय? कर्नाडांनी हे दोन्ही धागे घेऊन कानडीत ‘हयवदन’ नाटक रचले; ते १९७१ साली प्रसिद्ध झाले, व विजया मेहता यांनी ते मराठी रंगभूमीवर आणले. वेताळाच्या कोड्याला उत्तर असते. कर्नाडांच्या कोड्याला नाही. जुन्या कथेचा प्रश्न तोच ठेवून उत्तर काढून घेणे, ही नव्या कथेची एक रीत झाली.

कर्नाडांचे दुसरे नाटक ‘नागमंडल’ हे १९८८ चे. त्यातील कथा त्यांना कवी व लोककथांचे अभ्यासक ए. के. रामानुजन यांच्याकडून कळल्या, आणि ते ऋण त्यांनी उघडपणे मान्य केले. रामानुजन यांनी संग्रहित केलेली एक कानडी गोष्ट मोठी मार्मिक आहे. एका बाईला एक गोष्ट व एक गाणे येत होते; परंतु ती दोन्ही कोणाला सांगत नसे. कोंडून घुसमटलेली ती गोष्ट व ते गाणे एके दिवशी ती झोपली असता बाहेर पडली. गोष्टीचे जोडे झाले, गाण्याचा अंगरखा झाला, आणि परक्या पुरुषाच्या त्या वस्तू दारात पाहून पतीच्या मनात संशय भरला. न सांगितलेली गोष्ट घरात कलह माजविते, असे ती कथाच आपणांस बजावते.

दुसरी रीत उलटापालटीची. शलमोन राजाने एका बालकासाठी भांडणाऱ्या दोन स्त्रियांचा न्याय केला, ही कथा आमच्या विद्यार्थ्यांस परिचित आहे. चीनमधील जुन्या नाटकात न्यायाधीश खडूचे वर्तुळ काढतो व बालकास त्यात उभे करून ओढावयास सांगतो. जी माता दयेने हात सोडते ती खरी ठरते. जर्मन नाटककार बर्टोल्ट ब्रेख्त याने १९४४ साली ही कथा उलटी केली. त्याच्या नाटकात हात सोडते ती जन्मदात्री नव्हे, तर ज्या दासीने त्या टाकलेल्या मुलास वाढविले ती. आणि मूल तिलाच मिळते. चिं. त्र्यं. खानोलकरांनी हे नाटक ‘अजब न्याय वर्तुळाचा’ या नावाने मराठीत आणले. ते बसविताना विजया मेहता यांच्यासमवेत जर्मन दिग्दर्शक फ्रित्झ बेनेविट्झ होते. यहुदी, चिनी, जर्मन व मराठी इतके हात एका कथेला लागले, तरी तिचे सत्त्व हरपले नाही. मूल कोणाचे, या प्रश्नास ‘ज्याने जपले त्याचे’ हे उत्तर कथांनाही लागू पडते, असे आम्हांस वाटते.

बालरंगभूमीवरील उदाहरण तर अनेक पालकांनी स्वतः पाहिले असेल. १९५९ साली सुधा करमरकर यांनी रत्नाकर मतकरी यांचे ‘मधुमंजिरी’ हे नाटक रंगभूमीवर आणले. पुढे मतकरींनी ‘निम्मा शिम्मा राक्षस’, ‘अलबत्या गलबत्या’ अशी परीकथेच्या वळणाची नाटके लिहिली. ‘अलबत्या गलबत्या’तील चिंची चेटकीण प्रथम दिलीप प्रभावळकर यांनी गाजविली, २०१८ साली तेच नाटक नव्या संचात आले तेव्हा वैभव मांगले यांनी ती भूमिका केली. लेखक एक, दिग्दर्शक दुसरा, नट तिसरा. आणि चेटकीण मात्र सर्वांची मिळून एकच. नाटक ही सहकार्याची सर्वांत उघड शाळा आहे.

आता विद्यार्थी विचारील, ‘हे थोरांचे झाले, आम्ही काय करावे?’ त्यासाठी एक नमुना मांडून दाखवितो. समजा, पेणेच्या एका विद्यार्थिनीने हरवलेल्या पादुकेची कथा निवडली. प्रथम तिने कथेचा सांगाडा वेगळा काढावा: उपेक्षित मुलगी, तिला मिळालेली अनपेक्षित मदत, एका रात्रीचे वैभव, मागे राहिलेली खूण, खुणेवरून शोध, आणि ओळख. हा सांगाडा कोणाच्याही मालकीचा नाही. मग प्रत्येक हाडावर आपल्या गावचे मांस चढवावे. उपेक्षित मुलगी काकांच्या गणपती कारखान्यात शाडू मळते, असे धरू. साचे, रंग, सर्व काही तिच्या चुलतभावांकडे. तिने फक्त माती मळावी व पाणी भरावे. मदतीस परी न येता एक वृद्ध कारागीर येतो. त्याची दृष्टी गेलेली आहे, पण डोळ्यांची आखणी कशी करावी हे हाताला आठवते. तो तिचा हात धरून शिकवितो. एका रात्री, काम अपुरे व सकाळी गिऱ्हाईक यावयाचे, अशा वेळी ती एका मूर्तीचे डोळे आखते आणि कोणाला काही न सांगता निजते.

येथपर्यंत पेणेच्या विद्यार्थिनीने लिहिले. पुढचा भाग तिची रोह्याची मैत्रीण लिहिते. पुढल्या वर्षी रोह्याचे एक कुटुंब शोध करीत येते, ‘गेल्या खेपेचे डोळे ज्याने आखले, त्याच्याच हातची मूर्ती हवी.’ चुलतभाऊ एकेक पुढे येतो, ‘ते माझेच काम.’ प्रत्येकाच्या हाती कुंचला दिला जातो. डोळे आखले जातात, पण त्यांत दृष्टी उतरत नाही. शेवटी माती मळणाऱ्या मुलीच्या हाती कुंचला येतो. पायाच्या मापावरून ओळख पटण्याऐवजी हाताच्या कामावरून पटली. एवढा एकच बदल झाला, पण त्याने कथेचा अर्थ पालटला. जुन्या कथेत मुलगी सुंदर पावलामुळे राणी होते. नव्या कथेत ती आपल्या कामाची धनी होते. कथेचा नवा अवतार म्हणतात तो हाच. नुसती राजवाड्याची जागा वाड्याने घेतली, किंवा भोपळ्याच्या रथाऐवजी मोटार आणली, तर वेष बदलतो, पण अवतार होत नाही.

बदल करताना दोन गोष्टींचे भान राखावे. पहिली विवेकाची. जुन्या कथांत चेटकीण बहुधा एकटी, वृद्ध व कुरूप स्त्री असते. सावत्र आई नेहमी दुष्ट असते. रंगभूमीवरील चेटकिणीस पाहून बालके खुशाल हसोत. परंतु खेड्यातील एखाद्या निराधार म्हातारीवर चेटकाचा आळ घेऊन तिला छळण्याचे प्रकार आपल्या देशात घडलेले आहेत, आणि अशा अघोरी प्रथांविरुद्ध महाराष्ट्रास २०१३ साली कायदा करावा लागला, हे लिहिणाऱ्याने विसरू नये. वर्गात सावत्र आईच्या मायेने वाढलेली मुलेही बसलेली असतात. आपल्या कथेने कोणाच्या घरी दुःख नेऊ नये.

दुसरी गोष्ट हक्काची. लोककथा सर्वांची आहे, परंतु एखाद्या लेखकाने तिला दिलेले विशिष्ट रूप त्याचे असते. आपल्या देशातील १९५७ च्या कायद्यानुसार लेखकाचा हक्क त्याच्या हयातीत व मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत टिकतो. म्हणून पेरोच्या १६९७ च्या कथेवरून कोणीही लिहावे. परंतु डिस्नेच्या १९५० च्या चित्रपटातील गाणी व चित्रे उचलू नयेत. मतकरींचे निधन २०२० साली झाले. त्यांची नाटके रीतसर अनुमतीवाचून करू नयेत किंवा आपली म्हणून छापू नयेत. कायद्याचे भय नसले, तरी दुसऱ्याच्या वहीतील उत्तर आपले म्हणून देणे ही शाळेतही चोरीच मानली जाते.

यावरून सहलेखनाचे काही साधे नियम सांगता येतील. गोष्ट ऐकताना सांगणाऱ्याचे नाव, गाव व ऐकल्याची तारीख प्रथम लिहावी. मात्र नाव छापण्यापूर्वी त्यांची संमती घ्यावी. मेरी फ्रीअरप्रमाणे लिहिलेले परत वाचून दाखवावे. हल्ली मोबाईलमध्ये आवाज साठविता येतो. तोही परवानगी विचारूनच साठवावा. बोली जशी असेल तशी उतरवावी. आगरी, कातकरी वा ठाकर घरातील आजीचे शब्द ‘अशुद्ध’ म्हणून पुसून टाकू नयेत. तो शब्द गेला की त्याच्याबरोबर गोष्टीचा गंधही जातो. फेरफार करावयाचे ते दुसऱ्या वहीत. दोघे मिळून लिहीत असतील तर कोणी काय लिहावयाचे हे आरंभीच ठरवावे, मतभेद झाल्यास दोन्ही शेवट लिहून पाहावेत, आणि अखेरीस सर्वांची नावे घालावीत: सांगणाऱ्याचे, लिहिणाऱ्यांचे, चित्र काढणाऱ्याचे. हे करताना कोणाचा मान उणा होत नाही. दिव्याने दिवा लावल्याने पहिल्याचे तेल कमी होत नाही.

पालकवर्गास दोन शब्द. कित्येक सुज्ञ पालक म्हणतात, ‘मुलांना खोट्या गोष्टी कशास? त्यापेक्षा अभ्यास करोत.’ त्यांचा हेतू चांगला आहे. परंतु खोटे बोलणे व कल्पना करणे यांत मोठा भेद आहे. खोटे बोलणारा ऐकणाऱ्यास फसवितो. गोष्ट सांगणारा व ऐकणारा दोघेही जाणतात की आटपाट नगर नकाशावर नाही. त्या नगरात जाऊन मुले धैर्य, दया व कपट यांची परीक्षा आयुष्यात प्रत्यक्ष द्यावी लागण्यापूर्वी एकदा देऊन पाहतात. शिवाय आजीची गोष्ट लिहून घेणारा मुलगा एकाच वेळी ऐकणे, भाषा व कृतज्ञता असे तीन धडे गिरवितो.

विलंब मात्र परवडणारा नाही. पुस्तक जीर्ण झाले तर पुन्हा छापता येते. परंतु पेणेच्या मिठागरावर किंवा कुंडलिकेच्या काठी सांगितली गेलेली गोष्ट एकाच वृद्ध जिवाच्या स्मरणात उरली असेल, तर त्या जिवाबरोबर ती कायमची जाते. वरसई व मेढे येथील त्या मास्तरांनी आपल्या काळी आपले कर्तव्य केले. त्यांनी रिकामी सोडलेली जागा नावाची आहे, आणि ती भरणे आपल्या हाती आहे.

तेव्हा विद्यार्थिमित्रांनो, येत्या पावसाळ्यात, शेतीची कामे उरकून वडीलधारी मंडळी सायंकाळी ओसरीवर बसतील तेव्हा, वही घेऊन त्यांच्याजवळ जावे व नम्रपणे एक गोष्ट मागावी. ती जशीच्या तशी उतरवावी. मग मित्राच्या साह्याने तिचा नवा अवतार करावा. दोन्ही वह्या आमच्याकडे आणून द्याव्यात. पुढील वार्षिकात मूळ गोष्ट डाव्या पानावर व नवी उजव्या पानावर छापण्याचा आमचा मानस आहे. आणि डाव्या पानाच्या माथ्यावर, ज्यांनी ती सांगितली त्यांचे नाव त्यांच्या संमतीने ठळक अक्षरांत घातले जाईल.